पोलंड, हंगेरी की रोमानिया? युरोपात कारखाना काढण्याआधीची कामं, योग्य क्रमाने

चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली इथल्या मध्यम कारखानदारांकडून येणारी एक एक्सेल फाइल मला आता न उघडताच कळते. पहिल्या रकान्यात देश, दुसऱ्यात कंपनी कराचा दर, तिसऱ्यात किमान वेतन, चौथ्यात अनुदानाची टक्केवारी. तळाशी हिरव्या रंगात निकाल: हंगेरी, ९ टक्के.

आकडे सहसा बरोबर असतात, घोळ क्रमात असतो. मध्य आणि पूर्व युरोपात गुंतवणूक खेचणाऱ्या गोष्टींत ग्राहक किती जवळ आहे हे पहिलं येतं. मग माणसं मिळतात का, मग रस्ता आणि वीज, मग अनुदान, आणि कर सगळ्यात शेवटी. आपल्याकडची फाइल नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. या लेखात ती सुलट करायची आहे. उदाहरणं इंजिनिअरिंग आणि वाहनउद्योगातली आहेत, कारण माझं काम त्यातच चालतं.

## १. आधी कारण लिहून काढा

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: आपण तिकडे का जातोय? उत्तर साधारण चारांपैकी एक निघतं. ग्राहक बोलावतोय, तिथल्या बाजारात माल विकायचाय, पश्चिम युरोपपेक्षा स्वस्तात बनवून पश्चिम युरोपला द्यायचंय, किंवा तिथली एखादी कंपनी, ब्रँड वा कौशल्य विकत घ्यायचंय.

कारण बदललं की निकष बदलतात. रॅनबॅक्सीने २००६ मध्ये रोमानियातल्या क्लुजची तेरापिया ही औषध कंपनी घेतली. तिथे हिशोब मजुरीचा नव्हता, तयार ब्रँड आणि औषधांच्या नोंदण्यांचा होता. मुंबईच्या डब्ल्यूएनएसने पोलंडमधल्या ग्दिनियात सेवा केंद्र काढलं, तिथे युरोपीय भाषा बोलणारी माणसं हवी होती. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने स्लोव्हाकियातल्या नित्रात कारखाना उभारला आणि २०१८ मध्ये उत्पादन सुरू केलं. त्या देशात फोक्सवॅगन, किया आणि प्यूजो-सिट्रोएनचे कारखाने आधीपासून होते, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांची साखळी तयार होती. सरकारच्या १२.५ कोटी युरोंच्या मदतीला युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये मान्यता दिली हे खरं, पण स्लोव्हाकिया यादीत आला तो या साखळीमुळे. मदतीचा उपयोग पुढे झाला, मेक्सिकोसारख्या पर्यायाला मागे टाकायला.

इशारा: ग्राहकामागे जाणं सगळ्यात सुरक्षित वाटतं. नोकियाने जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद करून २००८ मध्ये क्लुजजवळच्या जुकूला उत्पादन हलवलं आणि २०११ मध्ये जुकूलाही टाळं लावलं. तिच्या भरवशावर यंत्रं लावून बसलेल्या पुरवठादाराचं काय झालं असेल याचा विचार करा. ग्राहकाकडून किमान प्रमाणाची लेखी हमी मिळत नसेल, तर त्याच शंभर-दीडशे किलोमीटरच्या परिघात दुसरा संभाव्य ग्राहक आहे का ते आधी शोधा.

तपासणी: तुमच्या वाक्यात ग्राहकाचं नाव, भागाचं नाव आणि किलोमीटर, तिन्ही आहेत का? "युरोपात पाय रोवायचा आहे" हे कारण नव्हे, ती हौस झाली.

## २. पहिल्याच उडीत कारखाना नको

जाण्याच्या पायऱ्या असतात. इथून थेट निर्यात, मग तिकडच्या गोदामात साठा ठेवून विक्री, मग शेवटची एक-दोन कामं (जोडणी, तपासणी, पॅकिंग) तिकडे, मग कुणाकडून तरी करारावर उत्पादन, आणि शेवटी स्वतःचा कारखाना किंवा चालू कारखान्याची खरेदी. प्रत्येक पायरीवर वर्ष-दोन वर्षं घालवायलाच हवीत असं नाही, पण एखादी गाळली तर ती का गाळली हे सांगता आलं पाहिजे.

बऱ्याच कंपन्यांची खरी अडचण दुसऱ्या पायरीवरच सुटते. ग्राहकाला माल तीन दिवसांत हवा असतो, तो कुठे बनतो याच्याशी त्याला फारसं घेणं-देणं नसतं. न्हावा शेवाहून स्लोव्हेनियातल्या कोपर बंदरात (हो, आपल्या हाताचं असतं तेच नाव) माल उतरवून हंगेरी किंवा ऑस्ट्रियातल्या गोदामात ठेवला तर बरेच ग्राहक खूश असतात. मात्र २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. साठ्याचा हिशोब सुएझमार्गे एकदा आणि केपमार्गे एकदा, असा दोनदा करा. दुसऱ्या हिशोबात साठ्यात अडकणारं भांडवल अंगावर येत असेल, तरच पुढच्या पायरीचं बोला.

घाईने कारखान्याकडे वळण्याचं दुसरं कारण कार्बनशुल्काचं. माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातीच्या वेळी शुल्क लावणारी युरोपीय संघाची सीमेवरची व्यवस्था, म्हणजे सीबॅम, १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण रूपात लागू झाली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज तिच्या कक्षेत येतात, नट-बोल्टसारखा पोलादी मालही येतो. आयातदाराची वर्षाची आयात ५० टनांपर्यंत असेल तर सूट आहे. सीबॅमच्या धास्तीने कारखाना हलवायला निघालेल्या एका कंपनीचा एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा जकात क्रमांक) पाहिला, तर त्यांचा माल वाहनांच्या सुट्या भागांच्या ८७ व्या प्रकरणात मोडत होता. ते प्रकरण मूळ यादीत नाहीच. सहा महिने चाललेली चर्चा दहा मिनिटांत संपली.

तपासणी: शेवटच्या बारा महिन्यांच्या इन्व्हॉइसवरचे एचएस कोड काढा आणि यादीशी एकेक ताडून पाहा. सल्लागाराकडे त्यानंतर जा.

## ३. गुंतवणुकीचे आकडे वाचताना

संचालक मंडळाच्या सादरीकरणात हमखास एक तक्ता असतो: कोणत्या देशात किती थेट परकीय गुंतवणूक आली. त्यात चार खड्डे आहेत.

पहिला, पैसा जिथून आल्यासारखा दिसतो तिथून तो आलेला नसतो. या भागातल्या बहुतेक देशांच्या आकडेवारीत नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग मोठे गुंतवणूकदार दिसतात. अमेरिकी, कोरियन किंवा भारतीय कंपनीही आपला पैसा तिथल्या होल्डिंग कंपनीतून पाठवत असते. तक्ता 'तात्काळ गुंतवणूकदार' देशाचा आहे की 'अंतिम गुंतवणूकदार' देशाचा, हे शीर्षकात पाहा.

दुसरा, हंगेरीतून बराच पैसा नुसता वाहून जातो. विशेष हेतूने काढलेल्या कंपन्यांमार्फत तो एका दाराने येतो, दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. म्हणून तिथली मध्यवर्ती बँक अशा कंपन्या धरून आणि वगळून, दोन्ही आकडे देते. वगळलेला घ्या. हे न पाहता एखाद्या वर्षी हंगेरीत गुंतवणूक अचानक कोसळली किंवा उसळली असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत.

तिसरा, तिथेच असलेल्या कंपन्यांनी लाभांश म्हणून बाहेर न नेलेला नफाही नवी गुंतवणूक म्हणून मोजला जातो. चेकियासारख्या देशात हा वाटा मोठा असतो. म्हणजे आकडा वाढला तरी नवा कारखाना एकही आलेला नसेल असं होऊ शकतं.

चौथा, घोषणा म्हणजे गुंतवणूक नव्हे. इंटेलने जून २०२३ मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफजवळ ४६० कोटी डॉलरपर्यंतचा प्रकल्प जाहीर केला आणि जुलै २०२५ मध्ये तो सोडून दिला. वर्तमानपत्रांतल्या घोषणांची बेरीज करून केलेल्या तक्त्यात तो आजही उभा असेल.

इशारा: जागतिक बँकेच्या 'डुइंग बिझनेस' क्रमवारीचा आधार घेऊ नका. आकड्यांतल्या गडबडी उघड झाल्यावर ती सप्टेंबर २०२१ मध्ये बंद झाली. तरी दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तिचा जुना क्रमांक ठळक अक्षरांत लावून पाठवतं.

## ४. देश नको, जिल्हा निवडा

"रोमानियात जायचंय" म्हणजे नेमकं कुठे? कार्पेथियन पर्वत पूर्ण ओलांडून जाणारा सलग मोटरवे तिथे वर्षानुवर्षं अपुरा आहे, पितेश्ती ते सिबियू या टप्प्याचं काम चालू आहे. म्हणून जर्मनीला माल देणारे बरेच कारखाने पर्वताच्या जर्मनीकडच्या बाजूला, तिमिश्वारा, आराद, ओरादिया, क्लुज, सिबियू या पट्ट्यात सापडतात. पूर्वेकडे मजुरी कमी आहे, पण ट्रकला एक दिवस जास्त लागला तर ती बचत डिझेलमध्ये जाते.

पोलंडमध्ये व्रोत्सवाफ ते कातोवित्से हा ए-४ मोटरवेचा पट्टा आणि युक्रेनच्या सीमेजवळचा भाग यांची तुलना होऊ शकत नाही. हंगेरीत ऑस्ट्रियाजवळच्या द्येरमध्ये १९९३ पासून ऑडी आहे. पूर्वेच्या देब्रेत्सेनमध्ये बीएमडब्ल्यूचा नवा कारखाना आणि सीएटीएल या चिनी कंपनीचा ७३४ कोटी युरोंचा बॅटरी प्रकल्प आला. मोठ्या नावांच्या शेजारी बसलं की आपल्यालाही लाभ होईल, असं वाटतं. तुम्ही तीनशे माणसं घेणार असाल आणि शेजारी हजारोंची भरती चालू असेल, तर तुमचा चांगला सीएनसी ऑपरेटर वर्षभरात कुंपणापलीकडे गेलेला असेल.

माणसांचा प्रश्न इथे सगळ्यात अवघड आहे आणि पुण्यात बसून तो दिसत नाही. चेकिया आणि पोलंडमध्ये बेरोजगारी ३ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे तुम्हाला लागणारा माणूस आज दुसऱ्या कुणाकडे तरी कामावर आहे. आपल्याकडून नेऊ, असं लगेच सुचतं. हंगेरीने २०२५ पासून पाहुण्या कामगारांचे परवाने मोजक्याच देशांच्या नागरिकांपुरते ठेवले आहेत आणि त्यात भारत नाही. इंजिनिअर आणि व्यवस्थापकांसाठी वेगळे मार्ग आहेत, पण मशिनवर उभी राहणारी फळी इथून नेण्याचा बेत कागदावरही धरू नका.

जागा पाहायला जाल तेव्हा औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयात चहा घेऊन परत येऊ नका. शेजारच्या कारखान्याच्या फाटकासमोर पाळी बदलण्याच्या वेळी, दुपारी दोनच्या सुमारास, गाडी लावून बसा. कामगारांच्या बसेस मोजा. चालकाला विचारा की पहिला थांबा कुठला आणि तिथून निघायला किती वाजतात. एका ठिकाणी चालकाने पहाटे सव्वाचार सांगितलं. अर्थ सरळ होता: गावातली माणसं संपली आहेत आणि कारखाना साठ-सत्तर किलोमीटरवरून भरती करतोय. ती जागा आम्ही तिथेच खोडली. सरकारी पुस्तिकेत तिचं वर्णन 'मुबलक कुशल मनुष्यबळ' असं होतं.

तपासणी: प्रत्येक जागेसाठी चाळीस किलोमीटरच्या परिघातले मोठे मालक, तांत्रिक शाळा आणि येत्या तीन वर्षांत येऊ घातलेले कारखाने, या तीन याद्या हव्यात. तिसरी यादी नसेल तर पहिल्या दोन निरुपयोगी आहेत.

## ५. पगाराची तुलना हातातल्या रकमेवरून करा

इथे जवळजवळ सगळे चुकतात, म्हणून जरा सावकाश.

आपल्याला सीटीसीची, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्याची, सवय आहे. तिकडे 'ग्रॉस', म्हणजे कपातीआधीच्या, पगारावर मालकाने वेगळा सामाजिक विमा भरायचा असतो आणि त्याचा दर देशागणिक फार बदलतो. २०२५ च्या दरांनुसार मालकाचा भार चेकियात ३३.८ टक्के, हंगेरीत १३ टक्के आणि रोमानियात फक्त २.२५ टक्के. हे पाहून रोमानिया जिंकतो. एकाच ग्रॉस पगारावर तिघांची तुलना करणाऱ्या तक्त्यात तर तो हमखास जिंकतो.

पण रोमानियाने २०१८ मध्ये हा बोजा मालकाच्या खात्यातून उचलून कामगाराच्या पगारात टाकला. तिथे कामगाराच्या ग्रॉसमधून २५ टक्के पेन्शनला आणि १० टक्के आरोग्याला कापले जातात, उरलेल्यावर १० टक्के आयकर. कामगार मात्र हातात काय पडतं तेच पाहतो, आणि नोकरी बदलतोही त्यावरच.

म्हणून हिशोब उलटा करा. समजा चांगल्या ऑपरेटरला महिन्याला १,२०० युरो हातात हवेत. कुटुंबाच्या सवलती बाजूला ठेवू.

- रोमानिया: १०० ग्रॉसमधून ५८.५ हातात पडतात. ग्रॉस साधारण २,०५० युरो, कंपनीचा खर्च सुमारे २,१००.
- हंगेरी: कामगाराकडून १८.५ टक्के विमा आणि १५ टक्के कर, म्हणजे १०० मधून ६६.५ हातात. ग्रॉस साधारण १,८०५, कंपनीचा खर्च सुमारे २,०४०.
- चेकिया: ११.६ टक्के विमा, १५ टक्के कर, त्यातून दरमहा २,५७० कोरुनांची मूळ सवलत (एका युरोला सुमारे २५ कोरुना धरल्या). ग्रॉस साधारण १,४९५, कंपनीचा खर्च सुमारे २,०००.

३३.८ विरुद्ध २.२५ असा अजस्र दिसणारा फरक गेला, आणि ज्याला सगळ्यात महाग म्हणत होतो तो स्वस्त निघाला. याचा अर्थ चेकिया स्वस्त आहे असा नाही. तिथल्या ऑपरेटरला हातात १,२०० पेक्षा जास्त हवे असणार आणि रोमानियातला कदाचित कमीवर तयार होईल. मुद्दा एवढाच की तुलना करायची ती हातातल्या रकमेची. ती रक्कम किती, हे तिथल्या तीन भरती संस्थांकडून त्याच जिल्ह्यासाठी लेखी मागवा.

इशारा: किमान वेतनावर माणूस मिळेल असं धरू नका. पोलंडचं २०२५ चं किमान वेतन ४,६६६ झ्लॉटी होतं. सीएनसीवरचा माणूस त्यात येत नाही. किमान वेतनाचा उपयोग एकच: गेल्या पाच वर्षांत ते किती वेगाने वाढलं ते पाहा आणि तुमच्या दहा वर्षांच्या अंदाजपत्रकात पगारवाढ ३ टक्के धरली असेल तर खोडा.

## ६. कर: हिरव्या ओळीतला ९ टक्क्यांचा सापळा

हंगेरी ९, बल्गेरिया १०, सर्बिया १५, रोमानिया १६, पोलंड १९, चेकिया २१. हे दर खरे आहेत. पण हंगेरीत स्थानिक व्यवसाय कर नावाचं एक प्रकरण आहे. तो नगरपालिका आकारते, कमाल २ टक्के, आणि तो नफ्यावर बसत नाही. विक्रीतून मुख्यतः कच्चा माल आणि उपकंत्राटांचा खर्च वजा करून जे उरतं, त्यावर बसतो. पगार त्यातून वजा होत नाहीत.

आकडे घालून पाहू. विक्री १००, कच्चा माल ६०, बाकी खर्च जाऊन नफा ५. स्थानिक कराचा पाया ४०, त्याचे २ टक्के म्हणजे ०.८. पाच रुपयांच्या नफ्यातून ऐंशी पैसे आधीच गेले. उरलेल्या ४.२ वर ९ टक्के, म्हणजे सुमारे ०.३८. एकूण कर १.१८ च्या घरात, नफ्याच्या साडेतेवीस टक्के. पातळ नफ्यावर चालणाऱ्या सुट्या भागांच्या धंद्याला नऊवाली हंगेरी एकोणीसच्या पोलंडपेक्षा महाग पडू शकते. नफा १५ असेल तर चित्र पालटतं. मुद्दा तुमच्या नफ्याच्या प्रमाणाचा आहे. काही गावं २ टक्क्यांपेक्षा कमी आकारतात, म्हणून पालिकेचा दर आधी विचारा.

मोठ्या समूहांसाठी (जगभरातली उलाढाल ७५ कोटी युरोंच्या वर) १५ टक्क्यांचा जागतिक किमान कर आहे. या लेखाच्या बहुतेक वाचकांना तो लागू होणार नाही.

तपासणी: प्रत्येक देशासाठी तुमचाच नफा-तोटा तक्ता घालून एकूण कराची रक्कम काढा. दर लिहू नका, रक्कम लिहा.

## ७. अनुदान: आधी अर्ज, मग ऑर्डर

युरोपीय संघात सरकार वाटेल तेवढी मदत देऊ शकत नाही. २०२२ ते २०२७ साठी प्रत्येक देशाचा एक नकाशा मंजूर आहे आणि कोणत्या भागात खर्चाच्या किती टक्के मदत चालेल याची कमाल मर्यादा त्यात आहे. मागास भागांत ती जास्त असते. बुडापेस्टसारखी समृद्ध शहरं त्यातून वगळलेली आहेत. रोख अनुदान, करमाफी, स्वस्त जमीन, सगळं मिळून त्या मर्यादेत बसावं लागतं. एजंट तिन्ही वेगवेगळे मोजून दाखवतो, तुम्ही बेरीज करा.

आता मुख्य गोष्ट. ही मदत 'तिच्याशिवाय प्रकल्प असा झाला नसता' या तत्त्वावर मिळते. म्हणून काम सुरू होण्याच्या आधी अर्ज गेला पाहिजे. काम सुरू होणं म्हणजे बांधकामाला हात घालणं किंवा यंत्राची पहिली बंधनकारक ऑर्डर, यांपैकी जे आधी घडेल ते. जमीन घेणं, परवानग्या काढणं, व्यवहार्यता अहवाल करून घेणं हे त्यात धरलं जात नाही.

माझ्या एका ग्राहकाकडे हेच झालं आणि त्यातली निम्मी चूक माझी. प्रेस हे यंत्र मिळायला अकरा महिने लागणार होते. खरेदी विभागाने चलाखी करून दर बांधून घेतला, दहा टक्के आगाऊ भरले आणि ऑर्डरवर सही केली. आम्ही अर्ज दिला सहा आठवड्यांनी. छाननी करणाऱ्या बाईंनी पहिलाच कागद मागितला तो पहिल्या यंत्राच्या ऑर्डरचा. त्यांनी तारखेवर पेन्सिलने एक छोटा गोल केला आणि कागद शांतपणे परत सरकवला. पूर्ण प्रकल्पाची मदत गेली, नुसती प्रेसची नाही. खरेदी विभागाला मी आधी एक मेल टाकायला हवा होता. आता प्रत्येक कामात तो पहिल्या दिवशी जातो: "लेखी हिरवा कंदील मिळेपर्यंत युरोप प्रकल्पासाठी एकही सही नको."

आणखी काही अटी, थोडक्यात. खर्चाचा किमान २५ टक्के भाग सरकारी मदतीचा कोणताही अंश नसलेल्या पैशातून यावा लागतो. प्रकल्प पूर्ण झाल्यावर गुंतवणूक त्या भागात किमान पाच वर्षं टिकवावी लागते, लघु-मध्यम उद्योगांना तीन. आणि लघु-मध्यम म्हणजे कोण? २५० पेक्षा कमी माणसं, आणि उलाढाल ५ कोटी युरोंपर्यंत किंवा ताळेबंद ४.३ कोटींपर्यंत. ही मोजणी पूर्ण समूहाची होते. तिकडची तुमची उपकंपनी तीस माणसांची असली तरी इथे सहाशे असतील, तर तुम्ही मोठे उद्योग ठरता आणि लघु उद्योगांना मिळणारी वाढीव टक्केवारी तुम्हाला नाही.

पोलंडमध्ये २०१८ पासून करमाफी जुन्या विशेष क्षेत्रांच्या कुंपणापुरती उरलेली नाही, देशात कुठेही मिळू शकते. एकदा मंजूर झालेली माफी १० ते १५ वर्षं चालते. मात्र करमाफीचा उपयोग नफा झाल्यावरच. पहिली चार वर्षं तोट्यात जाणार असतील तर रोख अनुदानाचा एक युरो माफीच्या दोनाइतका मोलाचा ठरतो.

इशारा: चालू कंपनी विकत घेत असाल तर परकीय गुंतवणुकीच्या सुरक्षा छाननीला वेगळा वेळ धरा. रोमानियात २० लाख युरोंच्या वरचे व्यवहार संवेदनशील क्षेत्रांत छाननीखाली येतात, आणि ही व्याख्या बरीच सैल आहे. मंजुरीआधी शेअर हस्तांतर करू नका.

## ८. जमीन आणि वीज

हे लवकर आटोपतं, कारण विचारायचे प्रश्न तीनच. हव्या त्या क्षमतेची वीजजोडणी कोणत्या महिन्यात मिळेल, हे वीज कंपनी लेखी देते का? भूखंडावर औद्योगिक वापराचा आराखडा आज मंजूर आहे की 'होईल'? तुमच्या प्रक्रियेला (रंगकाम, उष्णोपचार, गॅल्व्हनायझिंग) पर्यावरण मंजुरीत लोकसुनावणी लागते का? लागत असेल तर ती वेळापत्रकात टाका. देब्रेत्सेनच्या बॅटरी प्रकल्पावरून पाण्याच्या वापराबद्दल गावकरी रस्त्यावर आले होते. परकीय कारखाना आला म्हणजे लोक हार घेऊन उभे राहतात, हा गैरसमज आहे.

घाई असेल तर तयार गाळा भाड्याने घ्या. विकसक तुमच्या मापाचा बांधूनही देतो. पाच वर्षं टिकवण्याची अट असताना दहा वर्षांचा भाडेकरार मोडता येतो का, एवढं कलम वकिलाला दाखवा.

## ९. पैसे पाठवण्याआधी घरचे कागद

भारतीय कंपन्यांनी परदेशात करायच्या गुंतवणुकीचे आपल्याकडचे २०२२ चे नियम पूर्वीपेक्षा सोपे आहेत. स्वयंचलित मार्गाने नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत बांधिलकी घेता येते, आणि तिकडच्या कर्जाला तुम्ही दिलेली हमीही त्यात मोजली जाते. हमी लोक विसरतात. बँकेमार्फत एफसी फॉर्म भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, मिळाल्याशिवाय पैसे बाहेर जात नाहीत. कंपनी नोंदणीची फी "तात्पुरती" संचालकाच्या क्रेडिट कार्डावर भरू नका, पुढे ती नियमित करून घेताना जीव जातो.

पुढच्या प्रत्येक वर्षी दोन तारखा पाळायच्या: १५ जुलैपर्यंत एफएलए (परकीय देणी आणि मालमत्ता) विवरण, ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल. मागचा अहवाल राहिला असेल तर पुढची रक्कम अडते, आणि ती नेमकी तिकडे पगाराच्या आठवड्यात अडते.

तिकडची कंपनी प्रत्यक्षात पुण्यातून चालवली जाते असं आयकर खात्याला दिसलं तर ती भारतातली करदाती ठरू शकते. वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असेल तर हा नियम लागत नाही. त्यापुढे गेलात की मंडळाच्या बैठका तिकडे घ्या, निर्णयाचा अधिकार असलेला संचालक तिकडे ठेवा आणि इतिवृत्त जपा. व्हॉट्सॲपवर इथून दिलेल्या मंजुऱ्या हाही पुरावाच असतो.

## १०. पहिली तीन माणसं

क्रम असा ठेवा: आधी स्थानिक लेखापाल, मग मनुष्यबळ अधिकारी, मग कारखाना प्रमुख. बहुतेक जण उलट करतात. इथला आवडता प्लँट हेड पाठवतात आणि तो सहा महिने व्हिसा, भाडं आणि मुलांच्या शाळेत अडकतो. अनुदानाचा प्रत्येक खर्च वेगळ्या खात्यात दाखवावा लागतो. पहिल्या महिन्यापासून तसं केलं नाही तर दोन वर्षांनी पावत्या उकरत बसावं लागतं. म्हणून लेखापाल आधी.

इथून जाणारा माणूस दोन वर्षांच्या बोलीवर पाठवा आणि त्याच्या हाताखाली पहिल्या दिवसापासून स्थानिक उपप्रमुख नेमा. ओव्हरटाइमची मर्यादा, सुट्ट्या, कामावरून काढण्याची नोटीस, सगळं वेगळं आहे. "उद्या रविवारी या" हे वाक्य तिथे विनंती म्हणूनही सहज चालत नाही. त्याला निघण्याआधी तिथल्या कामगार कायद्याचा दोन दिवसांचा वर्ग द्या, तिथल्याच वकिलाकडून.

विमानाचं तिकीट काढाल ते जानेवारी-फेब्रुवारीतलं काढा. जून महिन्यात सगळेच भूखंड छान दिसतात. बर्फात ट्रक वळतो का, कामगारांची बस वेळेवर येते का आणि गाळा गरम ठेवायला गॅसचं किती बिल येतं, हे तेव्हाच कळतं.